खेड्यातल्या भाड्याच्या घरात लक्ष्मीपूजनाचे जेवण: इंग्लंडमधील नोव्हेंबरसाठी क्रमवार आखणी

ब्रिटनमध्ये राहणारी तीन-चार मराठी कुटुंबे मिळून दिवाळीला यॉर्कशर डेल्ससारख्या ग्रामीण भागात एखादे जुने दगडी घर भाड्याने घेतात, आणि पुरणावरणाच्या बेताने निघालेली मंडळी लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेनऊला खिचडी खाऊन झोपतात, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. या मंडळींचे हात स्वयंपाकाला चांगले सरावलेले असतात. आखणी मात्र आपल्या रोजच्या स्वयंपाकघराच्या हिशेबाने केलेली असते, आणि खेड्यातल्या त्या घराची शेगडी, तिथला गारवा, नोव्हेंबरातला उजेड आणि दुकानांच्या वेळा त्या हिशेबात बसत नाहीत. पुढील क्रम १४ माणसे धरून मांडला आहे. बेत असा: पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, बटाट्याची सुकी भाजी, लाल भोपळ्याची भाजी, कोथिंबीरवडी, काकडीची कोशिंबीर आणि आंबट सफरचंदाचा मेथांबा.

## टप्पा १: सूर्यास्तापासून मागे मोजावे (तीन आठवडे आधी)

२०२६ साली लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. ब्रिटनमधली घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे यंदा २५ तारखेला, एक तास मागे जातात, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी डेल्समध्ये सूर्य ४ वाजून २० मिनिटांच्या आसपास मावळतो. महाराष्ट्रात पूजा साधारण सहा-साडेसहाला सुरू होते म्हणून इथेही तीच वेळ मनात धरणे, ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पूजा पावणेपाचला, नैवेद्य सव्वापाचला आणि पाने पावणेसहाला, अशी वेळ ठरवून ती सर्व कुटुंबांना लेखी कळवावी. पुढचा प्रत्येक टप्पा या तीन वेळांपासून उलटा मोजायचा आहे. लहान मुले दिवसभर उघड्यावर हिंडलेली असतात आणि अंधार लवकर पडल्याने त्यांना भूकही लवकर लागते, म्हणून ही वेळ त्यांच्याही सोयीची ठरते.

रविवार असल्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळातले फक्त सहा तास सलग उघडे राहण्याची मुभा आहे. गावातल्या छोट्या दुकानाला हा नियम लागू नाही, परंतु ते बहुधा दुपारीच बंद होते. म्हणून रविवारच्या खरेदीवर बेतातला एकही पदार्थ अवलंबून ठेवू नये.

## टप्पा २: घरमालकाला विचारायचे प्रश्न

घराच्या जाहिरातीत ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ एवढेच लिहिलेले असते. त्यावर न थांबता पुढील गोष्टी विचारून उत्तरे लेखी घ्यावीत.

शेगडी कोणती आहे, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर, पितळी पातेले आणि गोल बुडाची कढई यांचा काहीही उपयोग होत नाही. एका वर्षी आम्ही दोन अॅल्युमिनियमचे कुकर घेऊन पोहोचलो आणि सगळी डाळ उघड्या पातेल्यात तीन तास शिजवत बसलो. भांड्याच्या बुडाला घरातले चुंबक घट्ट चिकटले, तर ते भांडे इंडक्शनवर चालते. बांधाबांध करताना प्रत्येक भांड्याची ही परीक्षा घ्यावी.

जुन्या शेतघरांत पुष्कळदा ‘आगा’ नावाची बिडाची जड शेगडी असते. ती सतत तापलेलीच असते आणि तिची आच बटन फिरवून कमी-जास्त करता येत नाही; एक तबकडी प्रखर, दुसरी मंद, असा प्रकार असतो आणि आच बदलायची म्हणजे भांडेच एका तबकडीवरून दुसरीवर सरकवायचे. तबकड्यांवरची झाकणे बराच वेळ उघडी राहिली की साठवलेली उष्णता निघून जाते आणि ऐन वेळी शेगडी मंदावते. त्यामुळे आगावर चौदा माणसांच्या पोळ्या सलग भाजण्याचा बेत धरू नये.

याशिवाय फ्रीज केवढा आहे, मोठी पातेली किती आहेत, ताटे १४ आहेत का, सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जाते का, पणत्या लावण्यास परवानगी आहे का आणि तळण करण्यास मनाई आहे का, हे विचारावे. फटाक्यांविषयीही आधीच बोलून घ्यावे. इंग्लंडमध्ये एरवी रात्री ११ नंतर फटाके उडवण्यास बंदी असते आणि दिवाळीच्या रात्री ती मुदत १ वाजेपर्यंत वाढवलेली असते, हे खरे. पण शेजारच्या कुरणात मेंढ्या-घोडे असतील तर कायद्याने दिलेली मुभा वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी: शेगडीचा प्रकार, फ्रीजचा आकार आणि तळणाविषयीचा नियम या तीन गोष्टींचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत बेत पक्का करू नये.

## टप्पा ३: काय घरून न्यायचे, काय तिथे करायचे

पुरणपोळी आणि श्रीखंड-पुरी यांपैकी एकच निवडावे. भाड्याच्या घरात मी पुरणपोळी निवडते, कारण पुऱ्यांना ऐन वेळी तळण लागते आणि परक्या, बंदिस्त स्वयंपाकघरात कढईभर तेल तापवणे धोक्याचे आहे. पोळी मात्र आधी करून नेता येते आणि गारव्यात दोन दिवस उत्तम टिकते.

घरून करून न्यायचे: पुरणपोळ्या, काढलेला कट, कोथिंबीरवडीचे उकडलेले उंडे, मेथांबा, साजूक तूप, आमटीचा वाटलेला मसाला आणि मसालेभाताचा कोरडा मसाला. तिथे करायचे: आमटीची उकळी व फोडणी, भात, दोन्ही भाज्या, कोशिंबीर आणि वड्या परतणे.

इशारा: मसालेभात आदल्या दिवशी करून नेऊ नये. शिजलेला भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये गेला नाही, तर त्यात पोटाला बाधणारे जिवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

## टप्पा ४: सामान आणि त्यातल्या फसगती

किराणा ब्रॅडफर्ड, लीड्स, लेस्टर यांसारख्या शहरांतल्या भारतीय दुकानांतून किमान आठवडाभर आधी आणावा. साळीच्या लाह्या आणि बत्तासे दिवाळीच्या आठवड्यात लवकर संपतात, म्हणून ते सर्वांत आधी घ्यावेत. भारतातून कोणी आई-वडील येणार असतील, तर गोडा मसाला आणि भाजणी त्यांच्याकडून मागवण्यास हरकत नाही. परंतु दुग्धजन्य पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत, त्यामुळे पेढे, बर्फी आणि घरचे तूप त्यांना बांधून आणायला सांगू नये. विमानतळावर ते काढून घेतले गेले, की वडीलधाऱ्यांचा दिवस उगाच खराब होतो. तूप इथेच कढवावे. अर्धा किलो बिनमिठाच्या लोण्यापासून सुमारे ४०० ग्रॅम तूप निघते आणि एवढे या पंगतीला पुरते.

साध्या सुपरमार्केटमध्ये खरेदी करताना दोन चुका वारंवार होतात. पहिली डाळीची. पिवळ्या वाटाण्याची डाळ दिसायला थेट हरभऱ्याच्या डाळीसारखी असते. तिचे पुरण चिकट होते आणि त्याला उग्र वास येतो. पाकिटावर नीट वाचून हरभऱ्याचीच डाळ घ्यावी. दुसरी चूक पिठाची. ‘सेल्फ-रेझिंग’ लिहिलेल्या पिठात खाण्याचा सोडा आणि आम्ल आधीच मिसळलेले असते, त्याची पोळी फुगून जाड होते आणि फाटते. ‘प्लेन’ लिहिलेला मैदा घ्यावा. पावासाठीचा ‘स्ट्राँग’ मैदाही नको, कारण त्याची कणीक रबरासारखी आखडते आणि लाटी पसरत नाही.

भाज्यांच्या बाबतीत मात्र हा ऋतू उदार आहे. हॅलोवीन उलटल्यावर दुकानांत नारिंगी भोपळे फार स्वस्त मिळतात, पण ते कोरून दिवा करण्यासाठी वाढवलेले असतात आणि शिजवल्यावर नुसते पाणी सुटते. त्याऐवजी राखाडी-निळसर सालीचा ‘क्राउन प्रिन्स’ किंवा लांबट ‘बटरनट’ घ्यावा. त्यांचा गर घट्ट आणि गोड असतो व मेथीच्या फोडणीत तो आपल्या तांबड्या भोपळ्याच्या अगदी जवळ जातो. कैरीच्या जागी ‘ब्रॅम्ली’ जातीचे आंबट सफरचंद वापरावे. शरद ऋतूत ग्रामीण भागात लोक आपल्या झाडाची ही सफरचंदे फाटकाशी पेटीत ठेवतात आणि शेजारी पैशांचा डबा असतो. ब्रॅम्ली शिजता शिजता एकदम विरघळते, म्हणून मेथांब्यासाठी मोठ्या फोडी कराव्यात, गूळ आधी पाघळवून घ्यावा, फोडी शेवटी घालाव्यात आणि चार-पाच मिनिटांत आच बंद करावी.

## टप्पा ५: पुरण आणि पोळ्या (गुरुवार रात्र आणि शुक्रवार)

घाई करू नये असा हा एकच टप्पा आहे, म्हणून त्याला दोन दिवस दिले आहेत.

गुरुवारी रात्री पुरण. एक किलो हरभऱ्याची डाळ तीन तास भिजवावी. पाच लिटरच्या कुकरमध्ये ती एकदम घालू नये. डाळ फेसाळते, म्हणून कुकर पाण्यासकट निम्म्याहून अधिक भरायचा नसतो. दोन किंवा तीन वेळा लावावे. चुनखडीच्या आणि खडूच्या प्रदेशात नळाचे पाणी जड असते आणि त्यात डाळ शिजायला बराच जास्त वेळ लागतो. तुमच्या किटलीत पांढरा थर साचत असेल तर दोन शिट्ट्या जास्त कराव्यात. दाणा बोटांत सहज चिरडला गेला की डाळ चाळणीवर निथळत ठेवावी आणि निघालेला कट वेगळा ठेवावा. कट लवकर आंबतो, त्यामुळे तो निवताच डब्यात भरून थेट फ्रीझरमध्ये टाकावा.

निथळलेल्या डाळीत ९०० ग्रॅम गूळ घालून जाड बुडाच्या भांड्यात सतत ढवळत आटवावे. पुरणात उलथने उभे राहिले की ते झाले. गुळाऐवजी इथली ओलसर तपकिरी साखर वापरली, तर पुरण आधी फार पातळ होते आणि लोक कंटाळून लवकर खाली उतरवतात. ते पातळ पुरणच दुसऱ्या दिवशी पोळीतून बाहेर येते. वेलची-जायफळ घालून पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावे, पसरट ताटांत गार करावे आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवावे.

शुक्रवारी पोळ्या. अर्धा किलो मैदा, पाव किलो चपातीचे पीठ, चवीपुरते मीठ, चिमूटभर हळद आणि अर्धी वाटी तेल घेऊन सैल कणीक भिजवावी व तेलाच्या हाताने चांगली तिंबावी. पुण्यात अशी कणीक दोन तासांत मुरते. इथले स्वयंपाकघर १७-१८ अंशांवर असेल, तर तीन तास धरावेत, किंवा कणकेचे भांडे कोमट पाण्याच्या परातीत ठेवावे. पुरण त्याच वेळी फ्रीजबाहेर काढून हाताने मळून मऊ करावे.

तपासणी: कणीक आणि पुरण शेजारी ठेवून दोन्हींत अंगठा दाबून पाहावा, दोन्ही सारखेच दबले पाहिजेत. पुरण गार आणि घट्ट, कणीक मात्र सैल, अशा स्थितीत लाटायला घेतले की कडा रिकाम्या राहतात आणि मध्ये पोळी फाटते. परदेशात पुरणपोळी बिघडण्याचे मी पाहिलेले सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे, आणि दोष मात्र पिठाला दिला जातो.

या मापात सुमारे ३० पोळ्या होतात. भाजलेली प्रत्येक पोळी सुती कापडावर सुटी निववावी. गरम पोळ्या एकमेकींवर रचल्या तर वाफेने ओल धरतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकींना चिकटतात. पूर्ण निवल्यावर दर दोन पोळ्यांमध्ये बटरपेपर ठेवून त्या डब्यात भराव्यात आणि फ्रीजमध्ये ठेवाव्यात.

## टप्पा ६: बांधाबांध आणि प्रवास (शनिवार सकाळ)

अन्न नेणारी गाडी शनिवारी सकाळीच निघाली पाहिजे. अंधारात अरुंद, दोन्ही बाजूंनी दगडी भिंतींनी बांधलेल्या रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, तर गाडी बरीच मागे घ्यावी लागते. ग्रामीण भागात एकाच पोस्टकोडमध्ये दूरदूरची शेतघरे येतात, त्यामुळे जीपीएस भलत्याच फाटकाशी नेऊन सोडते. घरमालकाकडून शेवटच्या दोन मैलांच्या खुणा लिहून घ्याव्यात. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून याद्या आणि मापे कागदावर असावीत.

सोबत हमखास न्यायच्या वस्तू अशा: चुंबकाच्या परीक्षेत उतरलेला कुकर, सपाट लोखंडी तवा, पोळपाट-लाटणे, धारदार सुरी, मिसळणाचा डबा, दोन जाड बुडाची पातेली आणि मिक्सर. भारतातला मिक्सर ब्रिटनच्या विजेवर चालतो, फक्त प्लगला अडॅप्टर लागतो. मात्र मोठी किटली आणि एखादे तापवण्याचे उपकरण एकाच एक्स्टेन्शनवर कधीही लावू नये.

फ्रीज लहान असेल तर काही मंडळी रात्री डबे गाडीच्या डिकीत ठेवतात. रात्री बाहेर चार-पाच अंश तापमान असते, त्यामुळे ते जमते. पण सकाळी ऊन पडले की डिकी तापते, म्हणून उजाडताच डबे आत आणावेत. डबे उघड्या अंगणात मात्र ठेवू नयेत, कारण रात्री कोल्हे आणि उंदीर फिरतात.

## टप्पा ७: पोहोचल्यानंतरचा पहिला तास

सामान उघडण्याआधी शेगडी पेटवून एक पातेले पाणी उकळून पाहावे आणि त्याला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवसाचे सगळे गणित या आकड्यावर बसते. फ्रीजचे तापमान ५ अंशांवर किंवा खाली आहे का, ते पाहावे. कट फ्रीझरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवावा, म्हणजे रविवारी दुपारपर्यंत तो सुटतो.

इशारा: मोहरी-मिरचीच्या फोडणीने धुराची घंटा वाजते. घंटेवर पिशवी बांधणे किंवा तिची बॅटरी काढणे हा उपाय नव्हे. जुन्या घरात लाकडी तुळया, लोकरीचे गालिचे आणि पेटती शेकोटी असते, आणि त्यात तुम्ही पणत्याही लावणार आहात. धुराची घंटा बहुधा जिन्याशी किंवा आतल्या बोळात असते, म्हणून स्वयंपाकघराचे दार लावून, खिडकी उघडून आणि पंखा चालू करूनच फोडणी करावी. तेल धुरावू देऊ नये. मिरच्या सर्वांत शेवटी घालाव्यात.

## टप्पा ८: रविवारचा क्रम

सकाळी ९ ला बटाटे उकडावेत, भोपळा चिरावा आणि कोथिंबीरवडीचे उंडे कापून ठेवावेत. १२ वाजता सर्वांना पोटभर पण साधे जेवण द्यावे. सूप-पाव किंवा कांदेपोहे पुरेत. हे जेवण ‘संध्याकाळी इतके आहे’ म्हणून गाळले, की तीन वाजता मुले पोळ्यांच्या डब्याशी येतात आणि मोठी माणसे चिडचिडी होतात.

दीडला आमटी उकळायला ठेवावी. ती जितकी मुरेल तितकी चांगली, म्हणून ती आधी. अडीचला दोन्ही भाज्यांच्या फोडण्या कराव्यात. ३ वाजता शेगडी पूर्ण मोकळी करून सगळी भांडी धुवावीत. हा अर्धा तास कोणी आखत नाही आणि नंतर भाताला पातेले मिळत नाही. ४ वाजता पूजेची मांडणी. रांगोळी मोठ्या ताटात काढावी, कारण दगडी फरशीच्या भेगांतून रंग निघत नाही, आणि पणत्या वाळू किंवा तांदूळ पसरलेल्या तबकात पडद्यांपासून दूर ठेवाव्यात.

सव्वाचारला मसालेभात. एक किलो तांदूळ एकाच मोठ्या पातेल्यात शिजवण्यापेक्षा दोन भांड्यांत लावावा. भाड्याच्या घरातली पातेली पातळ बुडाची असतात आणि मोठ्या भांड्यात खाली करपून वर कच्चा राहतो. पूजेच्या वेळी एक जाणते माणूस स्वयंपाकघरातच राहील, हे आधी ठरवावे आणि त्या व्यक्तीला आरतीला बोलावून दुसऱ्याने तिची जागा घ्यावी.

पाचला पोळ्या गरम करायला घ्याव्यात. तव्यावर मध्यम आचेवर प्रत्येक बाजू अर्धा मिनिट, आणि तूप तव्यावरून उतरवताना लावावे. मायक्रोवेव्हमध्ये पोळी चिवट होते. आगा असेल तर आठ-आठ पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळून त्याच शेगडीच्या मंद भट्टीत पंधरा मिनिटे ठेवाव्यात. सव्वापाचला नैवेद्य दाखवताना वड्या थोड्या तेलात परतायला घ्याव्यात आणि कोशिंबिरीत मीठ व दही त्याच वेळी घालावे.

तपासणी: शेजारच्या शेतघरातील दांपत्याला बोलावले असेल, तर पाने मांडण्यापूर्वी त्यांना शेंगदाणे, काजू, तीळ किंवा मोहरी चालते का, हे स्पष्ट विचारावे. बाजारातल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे गहू वर्ज्य असलेल्या पाहुण्याला आमटीही चालणार नाही. त्यांच्यासाठी बिनहिंगाचे वरण आणि साधा भात वेगळा काढावा.

## टप्पा ९: आवराआवर

तूप-तेलाची भांडी आधी कागदाने पुसून मग धुवावीत. सेप्टिक टँक असलेल्या घरात तूप-तेल मोरीत ओतले, तर ते गारठ्याने नळीतच गोठते आणि सोमवारी सकाळी पाणी तुंबते. उरलेले तेल बाटलीत भरून परत न्यावे. भात उरला असेल तर तो लगेच पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच, वाफ निघेपर्यंत गरम करून, संपवावा. आमटी दोन दिवस टिकते. उरलेल्या पोळ्या चार-चारच्या पुडक्यांत बांधून प्रत्येक कुटुंबाच्या गाडीत त्याच रात्री ठेवाव्यात, कारण सोमवारी दहाला घर सोडताना त्या हमखास फ्रीजमध्येच राहतात.